ओहोटीच्या वेळा आणि खेळाचे नियम



अलिबागजवळच्या कुरूळ गावात गोकुळाष्टमीची हंडी विहिरीवर बांधतात. विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला, मधोमध हंडी आणि खाली श्रावणाच्या पावसाने भरलेले पाणी. गोविंदा काठावरून झेप घेतो. हात हंडीला लागला तर ठीक, नाही तर थेट पाण्यात. लगेच पुढचा गडी तयार असतो. इथे थर रचत नाहीत. पोहता येणे आणि झेपेचा अंदाज असणे, एवढीच या खेळाची पात्रता आहे.

मुंबई-ठाण्याची दहीहंडी वेगळ्या जागेत वाढली. चाळींमधली अरुंद जागा, वर जायला फक्त आकाश, म्हणून माणसावर माणूस चढला. राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि पुढच्याच वर्षी प्रो-गोविंदा स्पर्धा सुरू झाली. खेळाला दर्जा मिळाला की त्याची मोजमापे ठरतात. दहीहंडीत ती थरांची आणि सेकंदांची ठरली. विहिरीवरच्या हंडीसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. कुरूळकरांचा खेळ कोणी मुद्दाम वगळला, असे नव्हे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी दहीहंडी होती तीच कागदावर उतरली.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. प्रादेशिक संस्कृती खेळ घडवतात म्हणजे नेमके काय करतात, आणि खेळ मोठा होऊन टीव्हीवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर पोहोचला की त्या संस्कृतीचे त्यात काय उरते? रायगडचा किनारा हा प्रश्न तपासायला फार योग्य आहे. या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. उरण-करंजापासून मांडवा, किहीम, अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ते हरिहरेश्वर असा हा पट्टा. मध्ये धरमतर, कुंडलिका आणि राजपुरीच्या खाड्या. आगरी, कोळी, कुणबी, भंडारी, माळी, कातकरी, कोकणी मुसलमान, बेने इस्रायली अशा किती तरी समाजांची ही भूमी. मराठी साहित्यात आणि चित्रपटांत हा किनारा येतो तो बहुधा सहलीचे ठिकाण म्हणून. खेळांच्या इतिहासात मात्र त्याचे काम त्याहून खूप मोठे आहे.

सुरुवात अर्थातच कबड्डीपासून करायला हवी.

पेण आणि अलिबाग तालुक्यांतला धरमतर खाडीकाठचा भाग म्हणजे खारेपाट. समुद्राला बांध घालून मिळवलेली ही जमीन. बांध फुटला की खारे पाणी शिवारात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हाती लागत नाही. म्हणून उधाणाच्या रात्री बांध राखायचा तर सगळे गाव बाहेर पडते. जमीन एकपिकी. पावसाळ्यात भात, आणि दिवाळीनंतर कापणी-मळणी उरकली की जून उजाडेपर्यंत शिवार मोकळे. याच भागातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षे जमीन न कसता खोतांविरुद्ध संप चालवला. ज्या घरात कसायची जमीनसुद्धा स्वतःची नाही, त्या घरातला पोरगा बॅट-स्टंप कोठून आणणार? त्याला असा खेळ हवा होता ज्याला साहित्य लागत नाही, जो मोकळ्या शेतात मांडता येतो आणि ज्यात सात जणांनी एकमेकांचा हात धरून आत आलेल्या गड्याला अडवायचे असते. हुतुतू, म्हणजेच कबड्डी, तसा होता. खारेपाटात तो रुजला याला भूगोल, हंगाम आणि गरिबी ही तिन्ही कारणे आहेत.

गावातली रात्रीची स्पर्धा जवळून पाहिली की हे स्पष्ट दिसते. खारेपाटातली काळसर चिकण माती सुकली की भेगाळते आणि दगडासारखी होते. तिच्यावर पडलेला गडी सोलवटून निघेल. त्यामुळे मैदान तयार करणे हीच एक कला होऊन बसते. धसकटे उपटायची, ढेकळे फोडायची, तांबडी माती आणून चाळायची, ती सारखी पसरायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मग पुन्हा पाणी. शेवटी फक्कीने रेषा: तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. हे काम गावातली जुनी खेळलेली माणसे करतात आणि माती किती दाबायची हे त्यांना पायाने कळते. सामना सुरू झाला की चढाईपटू दम न सोडता आत शिरतो आणि डावा कोपरारक्षक वाकून त्याच्या पुढच्या पायाकडे बघत राहतो. निदान रेषा ओलांडताना तो पाय क्षणभर मातीत रुततो. त्याच क्षणी घोट्याला हात पडतो आणि मागून साखळी येते. अनवाणी पाय आणि मऊ माती यांच्या त्या क्षणभराच्या गाठीवर पकडीचे सगळे तंत्र उभे राहिले.

शेतातल्या या खेळाची नियमावली शहरात तयार झाली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापून हुतुतूची अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ जगापुढे दाखवला. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला, पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला आणि महिलांची १९५५ मध्ये कलकत्त्याला झाली. बंगालमध्ये हाडूडू, तमिळ मुलखात सडुगुडू, पंजाबात गोल मैदानातली कबड्डी अशी नाना रूपे देशभर होती. बाद झालेला गडी पुन्हा आत येणे, सगळे बाद झाले की लोण चढणे ही महाराष्ट्राकडची घडण राष्ट्रीय खेळाचा कणा ठरली, कारण नियम लिहिणाऱ्या मेजावर इथली माणसे होती. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, तो उगाच नाही.

गाव आणि नियमावली यांच्या मध्ये एक दुवा होता. तो म्हणजे गिरणगाव. रायगड-रत्नागिरीचे चाकरमानी लालबाग-परळच्या गिरण्यांत आले, गावकीच्या खोल्यांत राहिले आणि पाळी सुटली की चाळींमागच्या मैदानात कबड्डी खेळू लागले. गावाच्या नावाचे मंडळ मुंबईत निघाले, मंडळाचा संघ झाला, तो संघ होळीला आणि उन्हाळ्यात गावी जाऊन खेळू लागला. मुंबईत शिकलेला नवा डाव मे महिन्यात गावच्या मातीत उतरे आणि गावचा तगडा पोरगा त्याच वाटेने मुंबईच्या संघात जाई. पुढे रेल्वे, बँका आणि सरकारी कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातली ही साखळी विस्कटली, तरी तोपर्यंत तिचे काम होऊन गेले होते. कामगाराच्या पाळीने आणि शेतकऱ्याच्या हंगामाने मिळून एका खेळाला राष्ट्रीय पातळीवर नेऊन ठेवले होते.

मग २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली. कबड्डीपटूंना पहिल्यांदा खरा पैसा मिळाला, घराघरांत त्यांचे चेहरे पोहोचले, आणि याचा आनंद मनापासून मानायला हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले तेव्हा महाराष्ट्रातल्या किती तरी गावांना ते आपलेच वाटले. पण याच काळात मातीची जागा मॅटने घेतली आणि अनवाणी पायांची जागा बुटांनी. मॅटवर बुटाला पकड मिळते, पाय रुतत नाही, खेळाचा वेग वाढतो, आणि घोट्याच्या पकडीचा तो क्षण आणखी लहान होतो. गावातला मुलगा वर्षभर मातीवर घडतो आणि निवड चाचणी मॅटवर देतो. मॅट महाग असते, ती ठेवायला बंदिस्त जागा लागते, आणि ती जागा बहुतेक गावांत नाही. खेळ रुजवणाऱ्या भागांनाच खेळाच्या नव्या रूपात शिरायला जास्त धडपड करावी लागते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या क्रीडा धोरणाने गांभीर्याने घ्यायला हवी.

इराणचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. प्रो कबड्डीतला सर्वांत गाजलेला बचावपटू फजल अत्राचली हा इराणच्या उत्तरेकडच्या गुलिस्तान प्रांतातल्या गोंबद-ए-कावूसचा. तेहरानपासून दूर, तुर्कमेन वस्तीचा, कुस्तीचा आणि घोड्यांच्या शर्यतींचा हा मुलूख. त्याने यू मुंबाचेही नेतृत्व केले आणि पुणेरी पलटणचेही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत हरवले आणि इराणच्या महिलांनी अंतिम फेरीत. दूरच्या एका प्रांताची अंगमेहनत आणि कुस्तीची पकड कबड्डीत आली आणि तिने बचावाचे तंत्रच बदलून टाकले. प्रादेशिक संस्कृती खेळाला अशी आतून बदलते.

आता किनाऱ्याच्या वाळूवर यावे.

अलिबाग, वरसोली, नागाव, मुरूड या भागांत बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती समुद्राच्या पुळणीवर होतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यती घाटावर किंवा माळरानात होतात, तिथे धावपट्टी माणसाने आखलेली असते. इथे धावपट्टी समुद्र देतो आणि समुद्रच परत घेतो. ओहोटीने मागे सरकलेल्या पाण्याने जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावरच चाक चालते. वरची कोरडी वाळू चाक गिळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. त्या दिवसांत या किनाऱ्यावर भर दुपारच्या सुमारास पाणी सुरूच्या बनापर्यंत येते आणि सकाळ-संध्याकाळी खूप आत जाते, तेव्हा पुळण सर्वांत रुंद असते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार हलत नाही आणि ओहोटी दुपारकडे सरकते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. शर्यत ठरवणाऱ्याला हे सगळे तोंडपाठ असावे लागते. अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत प्रवाशांना नेणारे घोडागाडीवालेही याच हिशोबाने दिवस आखतात. इथल्या खेळाचे घड्याळ चंद्रावर चालते, आणि स्पर्धेचा कार्यक्रम छापणाऱ्याला पंचांग जवळ ठेवावेच लागते.

या शर्यतींची कायदेशीर वाट लांबलचक होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक आणि काठीला मनाई अशा अटी आहेत. त्या योग्यच आहेत. जनावराचे हाल करून कोणतीही परंपरा टिकवायची नसते, आणि वाळूवर बैल पळवणाऱ्यांतल्या जाणत्यांना हे पूर्वीपासून मान्य आहे, कारण बैलाला ते घरातल्या माणसासारखे जपतात. मात्र नियम सगळ्या राज्यासाठी एकच लिहिले जातात. पुळणीवर भरतीचे पाणी चढू लागले तर उरलेल्या फेऱ्या कशा घ्यायच्या, ओल्या वाळूवर दमलेल्या बैलाला किती विसावा द्यायचा, हे प्रश्न माळरानावर पडत नाहीत. ते किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच सुटतील.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहण्याचा विधी सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या गावांत नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. एकाने आपला नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. खेळायला जागा हातभर, साहित्य वाडीतले. मुरलेला खेळाडू नारळ निवडताना तो कानाशी धरून वाजवतो, करवंटीचा जाड भाग कुठे आहे ते बोटांनी चाचपतो आणि घाव कुठल्या बाजूने घ्यायचा ते आधीच ठरवतो. माडाच्या वाडीत वाढल्याशिवाय हे ज्ञान येत नाही. मासेमारी बंदीचे दोन महिने संपून होड्या पुन्हा समुद्रात जाण्याच्या उंबरठ्यावर हा खेळ येतो, त्यामुळे त्याला वर्षातली आपली अशी एक जागा आहे.

या जुन्या खेळांबरोबर गेल्या काही दशकांत रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी गावांनी एक नवा खेळ आपल्या वळणावर नेला. तो म्हणजे टेनिस चेंडूवरचे क्रिकेट. भाताचे शेत, मोजकी षटके, रात्रीचे दिवे, एका गावाचा एक संघ आणि बाहेरचे किती खेळाडू घ्यायचे यावर तासन्‌तास चालणारी चर्चा. मैदानाच्या कडेला बसलेला समालोचक आगरी बोलीत बोलतो. फलंदाजाच्या आजोळचे गाव त्याला माहीत असते, तेही तो सांगून टाकतो. हे सामने यूट्यूबवर थेट दाखवले जातात. आखातात कामाला गेलेले म्हसळा-श्रीवर्धनकडचे लोक आणि बोटीवर असलेली मुले ते पाहतात, प्रतिक्रिया लिहितात, बक्षिसे जाहीर करतात. प्रेक्षकांचा हा मेळा कोणत्याही मोठ्या कंपनीने उभा केलेला नाही. गावकीची वर्गणी काढायची सवय, समाजाच्या स्पर्धा भरवायची सवय आणि स्वतःच्या बोलीत गर्दीसमोर बोलायचा आत्मविश्वास, या तीन गोष्टींतून तो उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, त्याआधी कित्येक वर्षे त्या खेळाचा प्रेक्षक या गावांनी घडवून ठेवला होता.

खेळाचे मैदान मात्र आक्रसत चालले आहे, आणि त्याची कारणे सर्वांसमोर आहेत. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. विकासाने नोकऱ्या आणि रस्ते आणले, हे खरेच. पण ज्या शिवारात डिसेंबर ते मे कबड्डी आणि क्रिकेट चाले ते शिवार आता कंटेनरच्या तळाखाली किंवा इमारतींखाली गेले. मुले तासाला पैसे भरून कृत्रिम हिरवळीच्या जाळीबंद टर्फवर खेळतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा खेळ चालू राहतो. गावठाण विस्ताराच्या प्रत्येक आराखड्यात गावाच्या मालकीचे खेळाचे मैदान राखून ठेवले पाहिजे, ही मागणी घराच्या मागणीइतकीच रास्त आहे.

खेळाचा उरलेला मोठा हिस्सा मोबाइलकडे वळला. याच परिसराच्या उंबरठ्यावर, नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये लुडो किंग आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो देशभर घराघरांत खेळला गेला. लुडो १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट होऊन बाजारात आला, पण त्याचे मूळ आपल्या पचिसीत आहे. सारीपाट मांडणाऱ्या मुलखात तो विलायतेची वारी करून परत आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी: अॅन एन्शंट एपिक हा खेळ जगापुढे ठेवला, त्यात भारतीय पुराणकथा, किल्ले-वाड्यांची वास्तुकला आणि भित्तिचित्रांची शैली फार प्रेमाने उतरली. महाराष्ट्रात खेळ घडवणारे हात आहेत, याची ही चांगली खूण.

जगात काही ठिकाणी याच्या पुढचे पाऊल पडले आहे. अलास्कामधल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेने स्वतःची खेळ कंपनी काढून २०१४ मध्ये नेव्हर अलोन हा खेळ आणला. इनुपिआक समाजातले जवळजवळ ४० वडीलधारे, कथेकरी आणि जाणकार त्याच्या घडणीत होते आणि कथा त्यांच्याच भाषेत सांगितली जाते. त्यात एक मुलगी आणि एक कोल्हा यांनी एकमेकांच्या मदतीनेच पुढे जायचे असते. बर्फाळ प्रदेशात एकट्याने तगता येत नाही, हे त्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले सत्य तिथे खेळाचा नियम होऊन बसले. कॅनडातल्या एका छोट्या संघाने २०२३ मध्ये वेनबा आणला. त्यात कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई पाककृतींच्या फाटक्या वहीतून पदार्थ पुन्हा जमवते, आणि खेळणाऱ्याने इडली कोणत्या क्रमाने लावायची ते कोड्यासारखे सोडवायचे असते. मेक्सिकोच्या चिहुआहुआमध्ये घडलेल्या मुलाका या २०१८ च्या खेळात ताराहुमारा लोकांच्या कथा आहेत. हे सगळे खेळ लहान संघांनी केले, आणि त्या-त्या समाजाचे ज्ञान त्यांच्या गाभ्यात आहे.

या कसोटीवर रायगडच्या किनाऱ्याकडे काय आहे? भरती-ओहोटीवर चालणारे घड्याळ आहे. रोज पन्नास मिनिटांनी सरकणारी वेळ, उधाण आणि भांग, पुळणीची बदलती रुंदी ही कोणत्याही खेळकर्त्याला मोहात पाडील अशी रचना आहे. खारेपाटाचा बांध आहे, जो सगळ्या गावाने मिळून राखला तरच टिकतो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी आहे, म्हणजे न खेळण्याचा काळसुद्धा नियमात आहे. उद्या एखाद्या खेळात कोळ्याची टोपी आणि रंगवलेली होडी दाखवून किनारा आला असे कोणी म्हणाले, तर ते अपुरे असेल. किनाऱ्याच्या माणसाला जे कळते ते खेळणाऱ्याला शिकावे लागले, तर तो खेळ किनाऱ्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. अशा वेळी सरकारी प्रोत्साहन कोणत्या खेळांकडे जाईल हे ठरणार आहे, आणि त्यात प्रादेशिक भाषांतले, स्थानिक ज्ञानावरचे खेळ पुढे असले पाहिजेत.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. प्रादेशिक संस्कृती म्हणताना प्रदेशातले सगळेच तिच्यात मोजले जातात असे नाही. डिसेंबर ते मे हा गावोगावच्या स्पर्धांचा हंगाम शेतकऱ्याच्या सोयीने ठरला. नेमक्या याच काळात रायगडमधली किती तरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात. काटक, चपळ, रानात वाढलेली ही मुले कबड्डीच्या संघांत फारशी दिसत नाहीत, त्याचे एक कारण या वेळापत्रकात आहे. पावसाळ्यात शाळेच्या बंदिस्त जागेत त्यांच्यासाठी सराव आणि स्पर्धा घेता येतील, आणि हे काम जिल्ह्याच्या क्रीडा यंत्रणेला अजिबात जड नाही. मुलींचेही तसेच. महिलांची राष्ट्रीय कबड्डी १९५५ पासून आहे, आशियाई स्पर्धेत ती २०१० मध्ये आली, तरी गावातले मोठे सामने प्रकाशझोतात मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि शेवटची एसटी त्याआधीच निघून जाते. महिलांचे सामने संध्याकाळी आधी लावणे आणि परतीच्या गाडीची सोय करणे एवढ्यानेही मैदानावरचे चित्र बदलेल.

करायच्या गोष्टी हाताशी आहेत. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड आणि श्रीवर्धनच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी येत्या नारळी पौर्णिमेपासून होळीपर्यंत आपल्या गावांतल्या खेळांची नोंद करावी. नारळ लढवण्याचे गावागणिक बदलणारे नियम, विहिरीवरच्या हंडीचा दोर किती उंच बांधतात, कबड्डीच्या मैदानात कोणती माती किती मिसळतात, पुळणीवरची शर्यत कोणत्या तिथीला आणि किती वाजता होते, हे सगळे खेळणाऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. आगरी बोलीतल्या समालोचनाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. ग्रंथालयांनी त्यासाठी एक कपाट आणि एक हार्ड डिस्क द्यावी. मुंबई-पुण्यात संगणकीय खेळ शिकणाऱ्या मुलांना आठवडाभर या गावांत राहायला बोलवावे आणि घरात जेवू घालावे. जिल्हा कबड्डी संघटना, बैलगाडी शर्यतीचे आयोजक आणि कोळीवाड्यांची पंच मंडळे यांनी मिळून राज्य सरकारकडे एक साधी मागणी करावी: कोणत्याही खेळाचे नियम ठरवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या समितीत, तो खेळ जिथे रोज खेळला जातो त्या तालुक्यांचे खेळाडू आणि मैदान राखणारे जाणकार सदस्य म्हणून घ्यावेत, आणि समितीचा मसुदा अंतिम होण्याआधी मराठीतून त्या गावांत वाचून दाखवावा.